नक्षी शाबूत, पण टायर म्हातारे

वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं: “आमची गाडी २०१७ ची. आम्ही दोघंही निवृत्त, त्यामुळे ती बहुतेक वेळ इमारतीखाली उघड्यावर उभीच असते. आठवड्यातून एकदा बाजार, अधूनमधून दवाखाना आणि वर्षातून दोनदा मुलीकडे, एका बाजूने ४०० किलोमीटर. आठ वर्षांत जेमतेम २१,००० किलोमीटर झाले. परवा सर्व्हिसिंगला दिली तर मेकॅनिक म्हणाला, चारही टायर बदला. यजमान म्हणतात, नक्षी नव्यासारखी आहे, अजून एवढेच किलोमीटर सहज निघतील, तो त्याचा धंदा बघतोय. मला मात्र टायरच्या बाजूला बारीक रेघा दिसतात. पुढच्या महिन्यात मुलीकडे जायचंय, येताना नातवंडांना घेऊन यायचंय. कोणाचं ऐकू?”

ताई, उत्तर आधी देते, कारणं मागाहून. मुलीकडे निघण्याआधी चारही टायर बदला. मेकॅनिकच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, पण त्याने सांगितलं ते बरोबर आहे. आणि तुम्हाला दिसलेल्या रेघा हा तुमचा भ्रम नाही.

यजमानांचं म्हणणंही खोटं नाही, ते अर्धं खरं आहे. साध्या मोटारीच्या नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात. त्याच खाचांच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, की खोली १.६ मिलिमीटर उरली आणि टायर संपला असं समजायचं. २१,००० किलोमीटरमध्ये एवढी झीज होत नाही, त्यामुळे तुमच्या टायरची नक्षी खरोखरच बरीच शिल्लक असणार. पण नक्षी झीज सांगते, वय सांगत नाही. टायरला या दोन परीक्षा वेगवेगळ्या द्याव्या लागतात आणि एकीत पहिला आला म्हणून दुसरीत आपोआप पास होत नाही. टॅक्सीचा टायर दोन वर्षांत झिजून संपतो, म्हातारा व्हायला त्याला वेळच मिळत नाही. तुमच्या गाडीचं बरोबर उलटं आहे.

आधी वय नक्की करू या. टायरच्या बाजूला डीओटी अशी तीन इंग्रजी अक्षरं शोधा. त्यांच्यापुढे अक्षरं आणि आकडे यांची एक माळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ असं लिहिलेलं असेल, तर टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला तयार झाला. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेलेली असू शकते. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहा. मागच्यांसाठी टॉर्च घेऊन वाकावं लागेल, किंवा मोबाइल आत धरून फोटो काढा. पाचही टायरचे आकडे एका कागदावर उतरवा. हो, पाच. स्टेपनीकडे येतेच आहे. वय मोजायचं ते या तारखेपासून. गाडी कधी घेतली किंवा टायर कधी बसवले, याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता मुख्य प्रश्न: जो टायर फारसा चाललाच नाही, तो खराब होतो कसा? कुकरची जादा आणून ठेवलेली रिंग आठवा. पिशवीतून काढलीही नव्हती, पण काही वर्षांनी हातात घेतली तर कडक, वातड, ताणली तर तडकणारी. रबर वापरानेच म्हातारं होतं असं नाही. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांनी रबर चिवट करण्याची युक्ती सापडली. गंधकामुळे रबराचे लांब धागे एकमेकांना मधूनमधून बांधले जातात आणि त्यातून लवचीकपणा येतो. हवेतला ऑक्सिजन पुढची कित्येक वर्षं या धाग्यांत लुडबुड करत राहतो. नको तिथे नव्या गाठी पडतात, काही धागे तुटतात आणि रबर हळूहळू ताठर होतं.

टायरच्या बाबतीत यात एक वेगळीच गोष्ट आहे. त्याच्या पोटात दाबाखालची हवा असते. आतल्या अस्तरातून ती अगदी सावकाश बाहेर झिरपते आणि झिरपताना तिच्यातला ऑक्सिजन टायरच्या थरांतूनच जातो. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं रबर असतं. ते रबर असं आतून म्हातारं होतं. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस ती पकड सुटते आणि पट्ट्यासकट नक्षी सोलून निघते. पंक्चर झालं तर बहुतेक वेळा हवा हळूहळू जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. पट्टा सुटला तर तेवढी सवड मिळेलच असं नाही.

बाहेरून हल्ला होतो तो ऊन आणि हवेतला ओझोन नावाचा वायू यांचा. टायर काळा असतो तो काजळीमुळे. ही काजळी रबराला मजबुती देते आणि उन्हातली अतिनील किरणंही झेलते. शिवाय रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, पुन्हा दबतो आणि या हालचालीने ती रसायनं पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला ही मालीश मिळत नाही. संरक्षण आतच राहतं आणि वरच्या कातडीला भेगा पडतात. म्हणून कमी चालवलेल्या गाडीचे टायर जास्त टिकतात ही समजूत मला धोकादायक वाटते. त्यांची नक्षी जास्त टिकते, एवढंच.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मी दोनदा वाचली. वर्षातून दोनदा मुलीकडे, जाऊन-येऊन ८०० किलोमीटर. म्हणजे वर्षाला १,६०० आणि आठ वर्षांत १२,८००. एकूण २१,००० पैकी निम्म्याहून जास्त! तुमची गाडी कमी चालते हे खरं, पण चालते तेव्हा मुख्यतः लांब पल्ल्याला, वेगात आणि सामानाने भरलेली चालते. महिनोन्महिने उभी राहायची आणि मग एका सकाळी निघून एकदम सगळ्यात अवघड काम करायचं, असं तिचं आयुष्य आहे. ताशी १०० च्या वेगाला मोटारीचं चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं. ४०० किलोमीटरमध्ये दोन लाखांहून जास्त फेऱ्या होतात. दर फेरीला टायरचा प्रत्येक भाग एकदा जमिनीवर चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. या वाकण्या-सरळ होण्याने उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. बाजारात जाताना ताशी ३० ने जे रबर निभावून नेतं, ते अशा दिवशी निभावून नेईलच असं नाही. कमी चालते म्हणून धोका कमी, हा हिशेब तुमच्या गाडीला लागू पडत नाही.

उष्णतेबद्दल थोडं अजून, कारण तुमची गाडी उघड्यावर उभी असते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २००७ साली टायरच्या वयाबद्दल तिथल्या संसदेला एक अहवाल दिला. त्यात एका विमा कंपनीची आकडेवारी आहे. तिच्या पॉलिसीधारकांपैकी २७ टक्के लोक पाच उष्ण राज्यांत राहत होते, पण टायरसंबंधीच्या दाव्यांपैकी ७७ टक्के दावे तिथून आले. त्यांतले ८४ टक्के सहा वर्षांपेक्षा जुन्या टायरचे होते. दावा आला म्हणजे वयामुळेच टायर गेला असं सिद्ध होत नाही, हे अहवालही सांगतो. तरी ऊन आणि वय एकत्र आल्यावर काय होतं, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

मग नेमकी मर्यादा किती? यावर जगभर एकमत नाही. अनेक मोटार कंपन्या त्यांच्या पुस्तिकेत सहा वर्षांनी टायर बदला असं सांगतात. मिशलिन आणि कॉन्टिनेन्टल या टायर बनवणाऱ्या कंपन्या कमाल मर्यादा दहा वर्षं ठेवतात, मग नक्षी कितीही असो. मिशलिन पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यायलाही सांगते. ब्रिटनने १ फेब्रुवारी २०२१ पासून लॉरी आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदीच केली. तुमच्या गाडीची पुस्तिका काढून बघा. तिच्यात सहा वर्षं लिहिलं असेल तर वाद तिथेच संपला.

पुस्तिकेत काही नसेल, तर मी असं ठरवते. पाच वर्षांपर्यंत फक्त नजर ठेवायची. सहाव्या वर्षापासून दर सर्व्हिसिंगला गाडी वर घेऊन चारही टायर आतून-बाहेरून पाहायचे. सहा ते दहा यांच्यामधला काळ परिस्थितीवर सोडायचा: गाडी सावलीत असते की उन्हात, हवा नियमित तपासली जाते की नाही, भेगा आहेत का, लांबचा प्रवास आहे का. सावलीत राहणारी, गावातल्या गावात सावकाश फिरणारी, भेग नसलेली गाडी असेल तर आठ वर्षं मीही खेचू देईन. दहा झाली की चर्चा नाही. तुमचे टायर आठ वर्षांचे, उन्हातले, रेघा पडलेले आणि ४०० किलोमीटरच्या प्रवासाला निघालेले. चारही उत्तरं एकाच बाजूला जातात.

रेघांबद्दल मुद्दाम सांगते, कारण त्यांना लोक एक तर फार घाबरतात किंवा अजिबात मोजत नाहीत. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक, वरवरच्या रेघा म्हणजे रबर वाळायला लागल्याची खूण. तेवढ्यानेच टायर त्या दिवशी फुटत नाही. नखाने चाचपून पाहा. नख अडकतंय, कडा उघडतायत, आतलं कापड किंवा तार दिसते आहे, असं असेल तर त्या टायरवर गॅरेजपर्यंतसुद्धा वेगाने जाऊ नका. नक्षीच्या खाचांच्या तळाशी गेलेल्या भेगा आणि रिमला लागून गोल फिरणारी भेग या बाजूच्या रेघांपेक्षा मला जास्त काळजीच्या वाटतात. टायरला कुठे फुगा आला असेल तर वय, नक्षी काही बघायचं नाही, तो टायर त्याच दिवशी काढायचा. मात्र भेगा नाहीत म्हणून टायर ठणठणीत, असा उलटा अर्थ काढू नका. आतल्या पट्ट्यांचं म्हातारपण बाहेरून दिसत नाही, ते मघाशी सांगितलंच.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: पकड. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्याला धरून ठेवत नाही. नक्षी पाणी बाजूला सारते, पण रस्ता धरतं ते रबरच. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चांगलं असलं तरी टायरजवळ जेवढी पकड आहे तेवढीच ते वापरू शकतं. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या मोटार अपघातात गेला, त्याच्या चौकशीत मुख्य कारण अतिवेग हेच निघालं. पण त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या ताब्यावर परिणाम झालेला असू शकतो, असंही तपास करणाऱ्यांनी नोंदवलं. तुम्ही तसल्या वेगाने जाणार नाही हे मला माहीत आहे. पण पावसात समोर अचानक कोणी आडवं आलं, तर ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढे जाते याचं उत्तर त्या चार टायरकडेच असतं.

आता स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाची गल्ली आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली आणि त्या गल्लीचं नाव आपल्या जिभेवर कायमचं बसलं. या पाचव्या चाकाला सगळे विसरतात. माझ्या थोरल्या भावाच्या गाडीतली स्टेपनी अकरा वर्षांची होती, जमिनीला कधी न लागलेली. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, तेसुद्धा तिच्यावर शाबूत होते. पंक्चर झाल्यावर ती लावली आणि ३० किलोमीटरही झाले नसतील, नक्षीचा पट्टा सुटून मडगार्डवर आपटत राहिला. वेग ८० च्या आत होता आणि मागे कोणी नव्हतं, म्हणून सगळे सुखरूप आहेत. डिकीतली उष्णता आणि पोटातली हवा यांनी स्टेपनीसुद्धा म्हातारी होते. तुमचीही २०१७ चीच असणार. चार टायर घेताना पाचवा घ्या, किंवा निदान ही स्टेपनी फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश पोहोचण्यापुरती आहे असं पक्कं ठरवा.

खरेदीला जाल तेव्हा यजमानांना सोबत घेऊन जा. मेकॅनिकवर त्यांचा विश्वास नसेल तर हरकत नाही, दुसरीकडून घ्या. पण जुने टायर काढल्यावर ते त्यांना हातात घेऊन बघू द्या. नव्याशेजारी ठेवून दोन्हींवर अंगठा दाबला तर बोलायची गरज पडणार नाही.

माप बदलू नका. टायरवर १९५/६५ आर १५ ९१ व्ही असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो वजन पेलायचं आणि व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंतचा वेग सोसायचा. पुस्तिकेत जे असेल त्याच्या खाली जायचं नाही. टायर लावण्याआधी डीओटीचे आकडे बघा. वर्षभराच्या आतला टायर मागून घ्या, नाही तर दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेल्या टायरचं उरलेलं आयुष्य तुम्ही नव्याच्या भावात घ्याल. वापरलेले टायर तर नकोतच.

आणि जास्तीत जास्त किलोमीटर चालणारा टायर घेऊ नका. तुम्ही वर्षाला अडीच-तीन हजार किलोमीटर चालवता. नक्षी संपण्याच्या कितीतरी आधी तुमची वर्षं संपतील. मग न झिजणाऱ्या रबराचे पैसे कशाला मोजायचे? त्यापेक्षा ओल्या रस्त्यावर चांगली पकड घेणारा टायर घ्या. काही टायरवर ट्रॅक्शन या शब्दापुढे एए, ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ती ओल्या रस्त्यावरच्या पकडीची. एए सगळ्यात चांगलं. युरोपातल्या लेबलावर ओल्या पकडीची प्रत ए ते ई अशी असते. बाकीच्यांना दुकानदार टिकाऊपणा सांगून विकेल, तुम्ही पकड विचारा.

चारही एकदम घेणं जड जात असेल, तर दोन घ्या आणि ते मागच्या चाकांना लावा. पुष्कळ लोक नवे टायर पुढे लावतात, पण ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं फार कठीण असतं. मात्र पुढे जुने टायर असेपर्यंत लांबचा प्रवास नाही. नातवंडांना आणायला त्यांचे आई-वडीलच येऊ द्यात, किंवा तुम्ही दुसऱ्या वाहनाने जा. टायर बदलताना रबरी व्हॉल्व्हही बदलून घ्या, तो टायरच्याच वयाचा असतो. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच वेळी उरका.

नवे टायर आल्यावर गाडीला दोन-तीन आठवड्यांतून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणा. इमारतीच्या आवारात इंजिन चालू करून ठेवलं तर टायरला काहीच मिळत नाही. फार दिवस एका जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात आणि निघाल्यावर पहिले काही किलोमीटर धडधड जाणवते. टायर गरम झाला की बहुतेक वेळा ती जाते. गेली नाही तर दाखवून घ्या. हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासा. काही न होताही महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय कमी होतेच, मग चार महिने उभ्या गाडीची किती गेली असेल याचा हिशेब तुम्हीच करा. जमलं तर गाडी सावलीत हलवा, नाही तर निदान उन्हाच्या बाजूची चाकं झाका. टायर चकचकीत करणाऱ्या तेलकट पॉलिशपासून दूर राहा, पेट्रोलियमवाली पॉलिश रबरातली संरक्षक रसायनंच धुऊन काढू शकते. साबणाचं पाणी पुरे. पाण्याच्या पंपाची मोटर गाडीशेजारीच असेल तर जागा बदला, काही मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो.

शेवटचं, काढलेल्या टायरबद्दल. नक्षी चांगली दिसते म्हणून ते कोणीतरी मागेल, कदाचित बरे पैसेही देईल. देऊ नका. दुकानातच उभं राहून त्यांच्या बाजू कापून घ्या आणि मगच भंगारात जाऊ द्या, म्हणजे ते धुऊन-पुसून दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागणार नाहीत.